दप्तरातलं लोखंड

“वैनी, एक इचारू का? पण हसायचं न्हाई.”

शालन दारात उभी होती, हातात माझ्या साड्यांचा गठ्ठा घेऊन. कराडच्या आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली तिची इस्त्रीची टपरी होती, कोळशाच्या इस्त्रीची. तिची काजल आणि माझी ऋचा एकाच वर्गात, सातवीत. काजलला त्या शाळेत प्रवेश मिळाला तो माझ्या शब्दावर. मीच शालनला घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले होते आणि पुढं वर्षभर ही गोष्ट चारचौघांत सांगत हिंडले होते. परोपकार करायचा आणि त्याचा डांगोरा पिटायचा, हा माझा जुना रोग.

“विचार की. हसायला काय झालं?”

“काजल झोपंत दचकतीया. पंधरा दिस झालं. उठून बसती आन् ‘दार उघडा, दार उघडा’ म्हणती. दिवसा इचारलं तर काय न्हाई म्हणती. शाळंचं नाव काढलं की हातापायाला कापरं भरतंय. दृष्ट काढली, अंगारा लावला. कशाचा म्हणून गुण न्हाई.”

शहाण्या माणसानं इथं काय सांगितलं असतं? शाळेत जाऊन बाईंना भेट, असं सांगितलं असतं. मी तर त्या शाळेच्या पालक संघाची उपाध्यक्षा. मी नुसती डोकावले असते तरी काम झालं असतं. पण मला नऊ वाजता एका गिऱ्हाइकाकडे पोचायचं होतं. मी विम्याची एजंट. माणसाला आधी घाबरवायचं आणि मग सही घ्यायची, हा माझा धंदा. त्यामुळं भीतीवर माझ्याकडे औषध कायम तयार असायचं.

“अगं, मग उशाखाली लोखंड ठेव. लोखंडापुढं भीती टिकत नाही.”

“विळा ठिवलाय की. रातच्याला जरा बरं पडतंय. पर शाळंत काय करू?”

“शाळेतही जवळ असू दे. आता विळा काय दप्तरात घालणारेस? थांब.”

मी आत जाऊन कपाटातून एक लहानशी सुरी काढली. पितळी मुठीची, वीतभरसुद्धा नाही. ऋचाच्या बाळंतपणात ती माझ्या उशाखाली होती. पाचवीच्या पूजेला सटवाईपुढं हीच ठेवलेली. तेव्हापासून तांबड्या फडक्यात गुंडाळून जपली होती. खरं सांगते, मनापासून दिली मी ती. घरातली राखणच काढून दिली म्हणा ना.

“आतल्या कप्प्यात, वह्यांच्या मागं ठेव. आणि पोरीला सांगू नकोस हं. सांगितलं की गुण जातो.”

शालननं ते फडकं कपाळाला लावलं आणि साड्या ठेवून निघून गेली. मी स्कूटीला किक मारली आणि कोपऱ्यावर वळायच्या आत सगळं विसरूनही गेले.

ऑगस्ट लागला आणि शाळेत भलतंच घडलं. दहावीच्या एका पोरानं दप्तरातून सायकलची चेन आणली आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या पाठीत घातली. सात टाके पडले. झालं! गेटवर आयांची गर्दी, बापांचे फोन, कुणी म्हणे नववीतल्या एकाकडे गुप्ती आहे, कुणी म्हणे गुप्ती नाही, कोयता आहे. कोयत्याचा आकार दर दिवशी वाढत होता. मला तर आयतंच कुरण सापडलं. पालक सभेत माईक हातात घेऊन मी विचारलं, “सकाळी घरातून गेलेलं आपलं लेकरू संध्याकाळी धडधाकट परत येईल, याची हमी आपल्याला कोण देणार आहे?”

हे वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवत असे. तिथं लेकराच्या जागी घरधनी असायचा, एवढाच काय तो फरक. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या पडल्या. मग मी ठराव मांडला की कुणाला न कळवता दप्तरं तपासायची, पालकांनी स्वतः उभं राहून तपासायची, आणि ज्याच्या दप्तरात हत्यार सापडेल त्याच्या हातात दाखला द्यायचा. लहान नाही, मोठा नाही, गरीब नाही, श्रीमंत नाही. संघाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर बोधे. त्यांनी अनुमोदन दिलं. मुख्याध्यापिका गोसावी मॅडम एवढंच म्हणाल्या, “शिर्केबाई, दाखला म्हणजे फार होतं. आधी मुलांशी बोलायला हवं.”

“मॅडम, उद्या काही झालं तर बोलायला मूल राहायला नको का?” मी म्हटलं. परत टाळ्या.

पंधरा ऑगस्टनंतरच्या शुक्रवारी तपासणी ठरली. प्रार्थना झाली तशी मुलांना मैदानातच थांबवलं. मुलांच्या रांगेला डॉक्टर बोधे, मुलींच्या रांगेला मी. मुलींकडे काय सापडणार? पावडरच्या पुड्या, चिंचा, कुणाच्या तरी नावाचा बदाम काढलेली वही. मी थट्टा करत होते, मुली लाजत होत्या. ऋचाचं दप्तर तर मी न उघडताच पुढं ढकललं. तिच्यामागं दोघीतिघी सोडून काजल उभी होती.

“ये गं,” मी म्हटलं आणि दप्तरात हात घातला. वह्यांच्या मागं बोटांना मऊ फडकं लागलं आणि त्याच्या आत कडक काहीतरी.

आई शपथ सांगते, त्या क्षणापर्यंत मला आठवलं नव्हतं. हात तिथंच थबकला. दप्तर बंद करून “जा” म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण शेजारच्या रांगेतून डॉक्टर बोध्यांनी माझं तोंड पाहिलं.

“काय सापडलं, शिर्केबाई?”

हात बाहेर आला. फडकं सुटलं. पितळी मूठ उन्हात चमकली. मग कुणीतरी मागनं ओरडलं, “सुरी!”

“हे कुठून आलं गं?” बोध्यांनी विचारलं.

काजलनं सुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मला माहीत न्हाई,” ती म्हणाली.

खरंच तिला माहीत नव्हतं. पोरीला सांगू नकोस असं मीच बजावलं होतं. पण दप्तर तिचं, सुरी दप्तरातली, आणि ही म्हणते माहीत नाही. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? तिच्या कपाळावर घाम आला होता, तोही लोकांना अपराधाचा वाटला. मला बोलायला हवं होतं. ‘अहो, ही माझी सुरी’, एवढे चारच शब्द. मी ती सुरी बोध्यांच्या हातात दिली. समोर साडेचारशे पोरं, वीसेक पालक, आणि ठराव माझाच.

शनिवारी दुपारी मॅडमच्या खोलीत बैठक झाली. मॅडम, डॉक्टर बोधे, मी, आणि समोर शालन. काजल तिच्यामागं भिंतीला टेकून उभी. शालनला खुर्ची दिली होती, पण ती कडेकडेनं बसली होती, उठायला सांगतील म्हणून. टेबलावर सुरी.

“ही तुमच्या घरातली का?” मॅडमनी विचारलं.

“व्हय. मीच ठिवली. तिला ठावं न्हवतं.”

“तुम्ही? मुलीच्या दप्तरात सुरी?”

“भ्यायची म्हणून ठिवली, बाई. दचकायची. लोखंड जवळ असलं की भ्या जातं.”

डॉक्टर बोधे हसले. “बाई, पोरीला वाचवायला निघालात ते ठीक आहे. पण जरा पटेल असं तरी सांगा.”

“देवाशप्पत खरं हाय.”

“कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?” मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

शालननं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती हो. उलट तिला धीर आल्यासारखा वाटला. वैनी आहेत की इथंच, त्या सांगतील, असा भरवसा होता तिचा. ती थांबली. चांगली थांबली. मी पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला, ठरावाचा कागद वाचायला लागले. स्वतःच लिहिलेला कागद!

मग शालन हळूच म्हणाली, “कुणी न्हाई. माझंच डोस्कं.”

“हिला भीती तरी कशाची वाटते?” मॅडमनी काजलकडे वळून विचारलं. “काजल, शाळेत कुणी काही केलं का तुला?”

काजलनं मान खाली घातली. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर गोल गोल फिरत होता. तीन आठवडे मी सुरक्षितता, सुरक्षितता म्हणून घसा फोडला होता, पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. तिनं उत्तर दिलं नाही आणि मलाही, देवा, बरंच वाटलं. लवकर आटपेल म्हणून.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “मला हे कुठंतरी खरं वाटतंय. पण आईच्या नुसत्या बोलण्यावर मी संघाच्या कमिटीला काय सांगू? सोमवारी दहाला कमिटी बसेल. तोवर दुसऱ्या कुणी जबाबदार माणसानं येऊन सांगितलं, की हो, असं असं होतं, तर मी मुलीला जाऊ देणार नाही. नाहीतर ठरावाप्रमाणे दाखला.”

“दाखला नगा दिऊ, बाई,” शालन उठून उभी राहिली. “लई मुश्किलीनं आणलीया हितवर. गणितात पयली येती.”

जिना उतरताना ती माझ्या मागं होती. मी भराभरा उतरले. चपला घालताना ती जवळ आली आणि कुजबुजली, “वैनी, तितं चारचौघांत तुमाला मधी कसं ओढायचं, म्हणून नाव न्हाई घेतलं. तुमी मॅडमना एकट्यानं सांगा, सवडीनं.”

“सांगते,” मी म्हटलं.

आणि सांगणारच होते. रविवारचा दिवस मध्ये होता. हे तेव्हा बदलीवर सोलापूरला, घरात आम्ही दोघीच. मी मनाशी पक्कं केलं की सकाळी साडेनऊला मॅडमच्या घरी जायचं आणि सरळ सांगायचं. लोक हसतील. विम्याच्या शिर्केबाई लोखंड वाटत फिरतात म्हणतील. हसू देत. उपाध्यक्षपद गेलं तर गेलं खड्ड्यात. एवढं ठरवल्यावर मला झोप लागली, तीसुद्धा गाढ.

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी साडी नेसले. देवापुढं दिवा लावला. ऋचा गणवेश घालून टेबलाशी बसली होती, पुढ्यात पोळी-भाजी तशीच.

“कुठं चाललीस?” तिनं विचारलं.

“मॅडमकडे. काजलचं सांगायला.”

“ती आपली सुरी आहे ना, आई? माझ्या पाचवीच्या पूजेची, कपाटातली? मी मैदानातच ओळखली.”

मी चपापले. “हो. मीच दिली होती शालनला. काजलची भीती जावी म्हणून. तेच सांगायला चाललेय.”

ऋचा रडायला लागली. साधं रडणं नाही, हुंदक्यावर हुंदका. मला वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय. कौतुक वाटलं मला पोरीचं!

“आई, मी पण येते. मलाही सांगायचंय.”

“तुला काय सांगायचंय?”

“कडी मी लावली होती.”

“कसली कडी?”

मग तिनं सगळं सांगितलं. वर्गातल्या चौघी काजलला कोळसा म्हणायच्या. तिच्या गणवेशाला धुराचा वास येतो म्हणून तिच्या बाकावर बसायच्या नाहीत. तिचा डबा लपवायच्या. जुलैत एक दिवस शेवटच्या तासाला ती मागच्या बाजूच्या संडासात गेली, तेव्हा या चौघी मागोमाग गेल्या आणि बाहेरून कडी घातली. जरा वेळानं काढायची होती म्हणे, गंमत म्हणून. तेवढ्यात घंटा झाली, पाऊस लागला होता, सगळ्या पळाल्या. कडी काढायची राहून गेली. शाळा रिकामी झाली. सहा वाजता शिपाई कुलपं लावायला आला, तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. कडी आपोआप अडकली असं काजलनंच त्याला सांगितलं, म्हणून गोष्ट तिथंच राहिली.

“कडी कुणी घातली?” मी परत विचारलं, जसं काही दुसरं उत्तर येणार होतं.

“मी. बाकीच्या नको म्हणत होत्या.”

“तिला माहितीय?”

“माझा आवाज ओळखला तिनं. आतून माझंच नाव घेत होती. ‘ऋचा, दार उघड’ म्हणत होती.” ऋचानं नाक बाहीला पुसलं. “तिनं कुणाला सांगितलं नाही, आई. शनिवारीपण नाही सांगितलं. मी खोलीच्या बाहेर उभी होते. मी आत येणार होते, खरंच येणार होते. पण मॅडमनी विचारलं आणि तू काहीच बोलली नाहीस. मग मलाही नाही बोलता आलं. चल ना, आई. आपण दोघी सांगू.”

घड्याळात नऊ वीस झाले होते. माझ्या हातात स्कूटीची किल्ली होती. बारा वर्षांची माझी पोर माझा हात धरून दाराकडे ओढत होती, आणि मी हिशेबी बाई, मनात भराभरा पुढचं मांडत होते. मी सुरीचं सांगितलं की मॅडम विचारणार, भीती कशाची? मग कडी. मग ऋचा. ठरावात हत्यार होतं, पण पालक पेटलेले, त्यांना कोण आवरणार? उपाध्यक्षेच्या मुलीनं कोंडून घातलं, आख्ख्या गावात बोभाटा. काजलचा दाखला टळेल आणि ऋचाचा लिहिला जाईल. नसताही लिहिला गेला कदाचित. गोसावी मॅडम तशा नव्हत्या. पण मी दुसऱ्यांना जेवढं घाबरवत आले होते, त्याच्या दसपट तेव्हा स्वतः घाबरले.

“हे कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलायचं नाही. कुणालाही. बाबांनासुद्धा नाही.”

“पण आई, तिला काढून टाकतील.”

“त्यांचं ते बघतील. तुझा काय संबंध? डोळे पूस. पोळी गार झाली, खाऊन घे.”

तिनं माझा हात सोडला. मग खुर्चीत जाऊन बसली आणि एक-एक घास तोंडात घालून मुकाट्यानं पोळी संपवली. मी चपला काढल्या. दहाला पाच कमी असताना मॅडमना फोन केला.

“मॅडम, मला कणकण आहे, येता येत नाही. कमिटी जे ठरवेल त्याला माझी संमती धरा.”

“शिर्केबाई, तुमच्याच शब्दावर घेतलेली मुलगी ना ती? तुम्हाला काही सांगायचं नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

काजलला दाखला मिळाला. तिला मामाकडे तासगावजवळच्या खेड्यात धाडलं. शालननं टपरी हलवली नाही. पुढची सहा वर्षं ती माझ्या साड्यांना इस्त्री करत राहिली, एकही साडी कधी जळाली नाही, एकही चुणी कधी वाकडी आली नाही. मला एका शब्दानं बोलली नाही ती. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर पायरी उतरून तिचे पाय तरी धरता आले असते. कपडे दारात ठेवून ती खाली जायची, आणि मी दार उघडायच्या आधी ती गेलेली असावी, अशी वाट बघत आत उभी राहायचे. काजल शिकली, सांगलीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली, असं कळलं. लोक म्हणतात, चांगलंच झालं की तिचं. झालं असेल. त्यात माझा काय हात?

या सगळ्याला आता सतरा वर्षं झाली. ऋचाला मी वाचवलं, असं कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत आले. शिकली, बंगळुरूला चांगल्या नोकरीत आहे, लग्न झालं. रोज रात्री आठला तिचा फोन येतो. न चुकता. “कशी आहेस गं?” “मस्त, आई.” “जावईबापू?” “मजेत.” मीही शेजारणींना सांगायचे, आमची ऋचा म्हणजे गुणाची, कधी म्हणून तक्रार नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी जावयाच्या मावशीचा फोन आला, सांत्वनाचा. ऋचाच्या घटस्फोटाचा निकाल लागून चार महिने झाले होते. त्याच्या आधी दोन वर्षं ती वेगळी राहत होती, तो हात उगारायचा म्हणून. त्या दोन वर्षांत सातशे वेळा तरी मी विचारलं असेन, कशी आहेस, आणि सातशे वेळा ती म्हणाली होती, मस्त.

मी फोन लावला. ओरडले, रडले, नको नको ते बोलले.

“अगं, मी आई ना तुझी? माझ्याशी बोलायचं नाही तर कुणाशी बोलायचं? मला का नाही सांगितलंस?”

ती रागावली नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं. मग अगदी शांतपणे तिनं विचारलं, “तू काय केलं असतंस, आई?”

काय केलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि तिलाही.